गेहजीच्या हातातील काठी



वय्येरा पाराशाच्या शब्बाथला आपण राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील शूनेमच्या बाईची हफ्तारा वाचतो. तिचा मुलगा शेतात डोके धरून कळवळला आणि दुपारी आईच्या मांडीवर गतप्राण झाला. आपल्या सफार्दी प्रघाताप्रमाणे ही हफ्तारा चौथ्या अध्यायाच्या २३ व्या वचनाशी, आईच्या तोंडच्या 'शालोम' या शब्दाशी थांबते. मूल अजून माडीवर निपचित पडलेलेच असते! पुढचा भाग घरी वाचावा लागतो, आणि आज आम्हाला त्याविषयीच बोलावयाचे आहे.

एलिशा नबीने आपला चाकर गेहजी याला स्वतःची काठी देऊन पुढे धाडले. वाटेत कोणाला सलाम करू नकोस, कोणी केला तर उत्तरही देऊ नकोस, अशी ताकीद दिली. गेहजीने धावत जाऊन काठी मुलाच्या तोंडावर ठेवली. आवाज नाही, हालचाल नाही. मग नबी स्वतः आला, दार लावून त्याने प्रार्थना केली आणि तो मुलावर ओणवा झाला. तोंडाला तोंड, हातांना हात लावले. मुलाचे अंग ऊन झाले. तेवढ्यावर न थांबता तो उठला, घरात एक फेरी मारली आणि पुन्हा ओणवा झाला. तेव्हा मूल सात वेळा शिंकले व त्याने डोळे उघडले.

काठी नबीचीच होती, तिच्या खरेपणाविषयी कोणाला शंका नव्हती. पण काम झाले ते हातांनी, आणि तेही दुसऱ्या खेपेस.

आपल्यातील कित्येकांच्या पाकिटात अशी एक काठी आहे. सी.पी.आर., ज्याला इथे हिब्रूत 'हहयाआ' म्हणतात, त्या कोर्सचे कार्ड. कोणी सैन्यात असताना तो केला, कोणी कारखान्यात, कोणी शाळेत. कार्डावर मुदतीची तारीख असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची आहे. ही मुदत म्हणजे फी उकळण्याची युक्ती, असे म्हणणारे आपल्यात आहेत. आम्हाला ते पटत नाही. शिकलेले हात काही महिन्यांतच विसरू लागतात, हे तपासून पाहिलेले आहे. शिवाय रीतही बदलते. पूर्वी मोठ्या माणसाला १५ दाबांमागे २ श्वास देत, २००५ पासून ३० दाबांमागे २ देतात. २०१० पासून आधी छातीवर दाब, मग श्वास, असा क्रम आला. आज मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि खोली ५ सेंटीमीटरहून कमी नको, ६ हून जास्त नको. हे वाचून येत नाही. गुडघे टेकून, पुतळ्यावर घाम गाळूनच येते.

आता शब्बाथचे. कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. तो शब्बाथ त्यांनी जपला म्हणून आपण आज आहोत. पण जीव वाचविण्यापुढे शब्बाथ बाजूला राहतो, हे आपल्या गुरुजनांनी फार पूर्वी ठरविले आहे. अशा वेळी चटकन धावणाऱ्याची तालमूद स्तुती करते, आणि 'चालेल का?' म्हणून विचारत बसणाऱ्याला शुल्हान आरूख रक्त सांडणाऱ्याच्या पंक्तीत बसविते. रांबामने तर लिहिले आहे की हे काम मुलांवर किंवा परक्यांवर न टाकता मोठ्यांनी व जाणत्यांनीच करावे. म्हणजे तेबापाशी उभ्या असलेल्या हज्जाननेसुद्धा! पण चटकन धावणे म्हणजे नुसते पाय उचलणे नव्हे. पाच वर्षांपूर्वी शिकलेला माणूस जवळ पोहोचतो आणि हात कोठे ठेवावे याच विचारात पडतो. त्याचे ते थबकणेही विचारत बसण्यासारखेच आहे, आणि ते टाळण्याची वेळ आधीच, एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी, येऊन गेलेली असते.

शेजाऱ्याच्या रक्तापाशी नुसते उभे राहू नये, ही तोराची आज्ञा. १९९८ साली क्नेसेतने त्याच वचनाच्या नावाने कायदा केला. आपल्या तेफिलाला येणारी बरीच मंडळी आता साठीच्या पुढची आहेत. त्यांतला एखादा अमिदा चालू असता कोसळला, तर त्याचा शेजारी कोण, हे शोधावे लागू नये.

सिनेगॉगच्या समित्यांना आमची विनंती आहे की मागेन दाविद आदोमच्या शिक्षकाला बोलावून नव्या-जुन्या सर्वांचा वर्ग भरवावा, आणि बायकांच्या बाजूलाही तेवढ्याच जणी तयार कराव्या. ज्यांना अजून काहीच येत नाही त्यांनी १०१ फिरवावा, शब्बाथ असला तरी. पलीकडचा माणूस रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे ते सांगत राहतो. फोन ठेवू नये.