कावळ्याचं सामान

बहरीनमधल्या तुबलीत, एका तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी सकाळी चटई पडायची, की झालं ग्रंथालय सुरू. ग्रंथालय म्हणजे वाईहून लेकीकडे आलेल्या आजींची एक सूटकेस. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या २००९ साली नाशिकहून निघाल्या आणि पुढे दुबईपर्यंत पोचल्या, ही पेटी मात्र घरचीच. विमानात वजनाची कटकट, म्हणून लोणच्याची बरणी मागे राहिली आणि माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ आलं.

लेकीने चेहऱ्यांची कार्डं छापून दिली होती. हसरा, रडका, रागावलेला. मुलं पोपटासारखी ‘सॅड’, ‘अँग्री’ म्हणायची. पाच वर्षांचा एक पोरगा तेवढा प्रत्येक कार्डाला ‘हॅपी’ म्हणायचा आणि शेजारच्याला ढकलायचा. “शहाणी मुलं असं करतात का?” आजी विचारायच्या. तो आणखी जोरात ढकलायचा.

त्या शुक्रवारी आजींनी चिमणी-कावळ्याची गोष्ट काढली. बहरीनमध्ये वर्षाचा पाऊस जेमतेम ७०-८० मिलिमीटर. शेणाचं घर पावसात वाहून जातं हे इथल्या मुलांना पटवायचं तर हात, पाय, आवाज, सगळंच कामाला लावावं लागतं. आजींनी धो धो पाऊस पाडला. घर गेलं. भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी आला. आत बाळाची अंघोळ, तीट, काजळ. दार काही उघडेना.

“कावळ्याला काय वाटलं असेल?” आजींनी सवयीने कार्डं पुढे केली.

“त्याचं सामान कुठे गेलं?” पोरगा म्हणाला.

मुलं हसली. ‘मी ते विचारलं नाही’ हे आजींच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि कार्डं चटईखाली सारली.

“कुठे गेलं रे?”

“खोक्यात. टेप लावून. कार्गोवाला घेऊन गेला. सायकलपण.”

समोरच्या फ्लॅटमधली त्याची मैत्रीण महिन्यापूर्वी पुण्याला परत गेली होती, वडिलांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून. पोराला सांगितलं होतं, सुट्टीला गेल्येत. असं खोटं मोठी माणसं मायेनेच बोलतात. पण खोटं ते खोटंच.

“मग कावळा रोज तिथे जाऊन बघतो?”

“हो. दार बंद असतं.”

आजी जरा वेळ गप्प बसल्या. “त्याला हुरहूर लागते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“राग नाही, रडूही नाही. इथे,” त्यांनी छातीवर हात ठेवला, “कुणाची तरी जागा रिकामी असते ना, तसं.”

पोराने शब्द तोंडात घोळवून पाहिला. हुर्र-हूर्र. मग काय, बाकीच्यांनाही एकेक हवा झाला. कुणाला रुसवा मिळाला, कुणाला धास्ती. एका मुलीने ‘हिरमुसणं’ घरी न्यायला मागितलं, पुस्तक मागावं तसं.

पुढच्या शुक्रवारी त्या पोराने पुन्हा एकाला ढकललंच. एका गोष्टीत सुधारायला तो काही गोष्टीतला मुलगा नव्हता.

पण त्याच दिवशी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. आई पोळ्या लाटत होती. खिडकीबाहेर तुबलीच्या खाडीतला ओहोटीचा चिखल दिसत होता. हिवाळा असल्याने त्यात रोहित पक्षी उतरले होते.

“आई, तुला हुरहूर लागते?”

“छे रे,” ती लाटता लाटता म्हणाली. मग तिने गॅस बंद केला. “समोरच्या काकू गेल्यापासून चहा एकटीनेच प्यावा लागतो.”

“ते सुट्टीला नाही गेलेत ना?”

पिठाचे हात तसेच घेऊन ती खाली त्याच्याजवळ फरशीवर बसली.

“नाही रे राजा.”