हौसेची शिकार आणि धर्मविचार

पोटासाठी नव्हे, पिकाच्या राखणीसाठीही नव्हे, केवळ हौसेखातर हरीण मारणे धर्माला मान्य आहे का, हा प्रश्न भारतीय धर्मग्रंथांना नवा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ने भारतातील शिकारीला पायबंद घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. देशापुरता कायद्याचा प्रश्न तिथे मिटला, नीतीचा मिटला नाही. ज्या नवराबायकोला शिकारीची आवड आहे आणि जवळ पैसा आहे, त्यांना स्कॉटलंड, न्यूझीलंड किंवा टेक्सास मोकळे आहे. वर्षानुवर्षे पैसे साठवून, रजा जुळवून, रीतसर परवाने काढून केलेली अशी सफर कोणताही कायदा मोडत नाही. तरीही ती योग्य का, हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

या विचाराचे धागे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात एका नदीच्या काठाने सापडतात. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर, नेवासा असा प्रवास करून प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. तिच्या काठावरील तीन स्थानांशी हिंसेविषयीच्या तीन भूमिका जोडलेल्या आहेत. जिल्ह्याच्या दक्षिणेस कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. प्रश्नाचे आजचे रूप तिथे दिसते.

अगस्तींचा दाखला

अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. हरणाच्या वधाचे समर्थन करताना जुने ग्रंथ ज्यांचे नाव घेतात, ते हेच अगस्ती. यज्ञासाठी आणि आश्रितांच्या पोषणासाठी पशुपक्षी मारण्याची मुभा मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे आणि तिला अगस्तींच्या आचरणाचा आधार दिलेला आहे.

महाभारताच्या आदिपर्वात हाच आधार पंडू राजा पुढे करतो. रानात मिलनात रमलेल्या हरणांच्या जोडीवर त्याने बाण सोडले. त्यातले हरीण म्हणजे मृगरूप घेतलेले किंदम ऋषी होते. त्यांनी मरता मरता जाब विचारला, तेव्हा पंडूने राजांच्या मृगयेची प्रथा सांगितली आणि यज्ञसत्र चालू असताना अगस्तींनी हरणे देवतांना अर्पण करून मारली होती, याची आठवण दिली. किंदमांनी शिकारीला दोष दिला नाही; मिलन पुरे होईपर्यंत राजा थांबला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या शापामुळे पुढे पंडू माद्रीजवळ जाताच मरण पावला.

पंडूने दाखला घेतला, पण त्याच्या अटी मागे सोडल्या. अगस्तींच्या कृतीला तीन बंधने होती. हेतू यज्ञाचा होता, वध विधिपूर्वक होता आणि मांस आश्रितांच्या उपयोगी पडणार होते. पंडूच्या बाणामागे यांपैकी काहीच नव्हते. परवानगी देणारे वचन हौशी माणसाला आपोआप लागू होत नाही, एवढे या कथेवरून निश्चित म्हणता येते.

सोन्याचे हरीण

प्रवरा गोदावरीला मिळते तिथे नेवासा तालुक्यातील टोका आणि समोरच्या तीरावर गंगापूर तालुक्यातील कायगाव ही गावे आहेत. सोन्याच्या हरणाचे रूप घेतलेल्या मारीच राक्षसाचा रामाने वध केला तो याच परिसरात, अशी स्थानिक आख्यायिका आहे. पती-पत्नी आणि हरणाची शिकार यांची भारतातील सर्वांत प्रसिद्ध कथा अशी या संगमावर येऊन पोचते.

वाल्मीकी रामायणातील सीतेची भूमिका या संदर्भात मुळातून पाहण्यासारखी आहे. अरण्यकांडाच्या आरंभी, सुतीक्ष्ण ऋषींच्या आश्रमातून निघाल्यावर, तीच रामाला हिंसेबद्दल सावध करते. असत्य, परस्त्रीचा अभिलाष आणि वैर नसताना केलेले क्रौर्य हे इच्छेतून उपजणारे तीन दोष ती सांगते. इंद्राने एका तपस्व्याकडे ठेव म्हणून खड्ग ठेवले. ते जपता जपता तपस्वी हिंसक होत गेला, ही गोष्टही ती ऐकवते. शस्त्र हाती असले की ते चालवण्याची बुद्धी होते, असा तिचा मुद्दा आहे.

पुढे सुवर्णमृग दिसल्यावर हीच सीता रामाला त्याच्यामागे पाठवते. जिवंत सापडला तर अयोध्येत त्याचे नवल होईल, मेला तर त्याच्या कातड्यावर बसता येईल, असे ती म्हणते. लक्ष्मणाला ही मारीचाची माया असल्याचा संशय येतो. राम मात्र राजे मांसासाठी आणि विहारासाठीही रानात मृग मारतात, असे सांगून निघतो. वाल्मीकींनी दोघांनाही अज्ञानी दाखवलेले नाही. सीतेला तत्त्व ठाऊक आहे, रामाला धोक्याची सूचना मिळालेली आहे. तत्त्व जाणणाऱ्यांनाही सुंदर वस्तू आपली व्हावी ही ओढ आवरत नाही, हे या प्रसंगाचे मर्म आहे. शिकारीत मारलेल्या जनावराचे शिंगांसह डोके भिंतीवर लावण्याची आधुनिक चाल याच ओढीतून आली आहे.

राजांचे व्यसन

क्षत्रियाला मृगया विहित होती, असे सरसकट म्हटले जाते. ग्रंथांचे मत तितके सरळ नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून जन्मणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेचे नाव पहिले आहे, आणि त्यांतल्या सर्वांत घातक चारांतही मद्य, द्यूत व स्त्रिया यांच्याबरोबर तिची गणना आहे. कौटिल्य अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात द्यूत वाईट की मृगया, अशी चर्चा करतो. मृगयेत व्यायाम होतो, कफ, पित्त व मेद घटतात, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांच्या मनोवृत्ती कळतात, असे तिचे लाभ तो मोजतो. परंतु हे लाभ तो व्यसनांच्या प्रकरणातच सांगतो. मृगया तुलनेने कमी वाईट आहे, इतकाच त्याचा निष्कर्ष.

कालिदासाने हे द्वंद्व काव्यात आणले. ‘शाकुंतला’त तपस्वी दुष्यंताला आश्रमातील मृग मारण्यापासून थांबवतात, तर पुढच्याच अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात दशरथ धनुष्य कानापर्यंत ओढतो, पण हरणी आपल्या जोडीदाराला आडोसा देऊन उभी राहिलेली पाहून तो प्रेमाची जाण असलेला राजा बाण आवरतो. त्याच सर्गात पुढे आवाजावर सोडलेला त्याचा बाण मुनिपुत्राला लागतो. दया क्षणभर जागी होते, छंद मात्र सुटत नाही.

संकल्प हा निकष

जैन आचारशास्त्राने हा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे मांडला. गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार मानले जातात. घरकामात घडणारी ती आरंभी, व्यवसायात घडणारी उद्योगी, स्वसंरक्षणात घडणारी विरोधी आणि मारण्याच्या इराद्याने केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत. चौथी त्याने सोडलीच पाहिजे. सप्तव्यसनांतही शिकार आहे. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतना, म्हणजे हेतू, हेच आहे. इस्लाममध्ये अन्नासाठी शिकार वैध आहे. मात्र हजयात्रेच्या इहराम अवस्थेत कुराणाच्या पाचव्या सूऱ्याने रानातल्या जनावरांची शिकार निषिद्ध ठरवली आहे.

नेवाशाला इ. स. 1290 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विस्तृत विवेचन आहे. यज्ञातील हिंसेला अहिंसा म्हणणाऱ्या मीमांसकांच्या युक्तिवादातील विसंगती ज्ञानेश्वर तिथे दाखवतात. मग ते अहिंसक माणसाची चाल, बोलणे, पाहणे आणि हातांची हालचाल वर्णितात आणि या सर्वांचे मूळ मनात असल्याचे सांगतात. मनात जे नाही ते इंद्रियांतून प्रकटत नाही. प्रवरेच्या वरच्या अंगाला अगस्तींच्या नावाने जी मुभा सांगितली जाते, तिला नेवाशात असे उत्तर मिळते.

या मापाने तोलता, सुरुवातीला सांगितलेल्या बहुप्रतीक्षित सफरीचा दोष वाट पाहण्याने हलका होत नाही, उलट वाढतो. अवचित संतापात किंवा भुकेपोटी झालेला वध क्षणाचा असतो. ज्या वधासाठी पैसा साठवला, बंदूक निवडली, नेमबाजी शिकली आणि तारीख ठरवली, त्यात संकल्प अनेक वर्षे पोसलेला असतो.

पोटासाठी आणि छंदासाठी

महाभारताच्या वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो. इतरांनी मारलेल्या जनावरांचे मांस तो विकतो, स्वतः मारत नाही आणि खातही नाही. त्याच्याकडे ज्ञानासाठी आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो की नांगराने जमिनीतील जीव मरतात, धान्यातही जीव आहे, चालतानाही जीव चिरडले जातात. पूर्ण अहिंसक कोणीच नाही. शिकारीचे समर्थक हा युक्तिवाद वापरतात. पण धर्मव्याध त्यातून मारण्याची मोकळीक काढत नाही. वाट्याला आलेल्या कामातील हिंसा कमीत कमी ठेवावी आणि तिचा अभिमान धरू नये, ही त्याची शिकवण आहे.

जिल्ह्यातील फासेपारध्यांचा इतिहास याच भेदाशी निगडित आहे. फासे लावून हरणे आणि पाखरे धरणे ही या समाजाची पिढीजात उपजीविका. ब्रिटिश अमलात साहेबाची शिकार मर्दानी खेळ ठरली, तर पारध्यांवर 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांचा शिक्का बसला. तो 31 ऑगस्ट 1952 रोजी पुसला गेला, बदनामी मात्र पुढेही राहिली. धर्मविचाराच्या तराजूत गरजेपोटीची शिकार हलकी आणि छंदाची जड आहे. समाजाने व्यवहारात नेमके उलटे केले.

काळवीट इथले आणि तिथले

रेहेकुरी अभयारण्य 1980 मध्ये स्थापन झाले. क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. काळवीट कुरंग वर्गातला. त्याची शिंगे गळत नाहीत व त्यांना फाटे फुटत नाहीत. तो वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कळप अभयारण्याबाहेरच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतात तेव्हा राखणीचा भार शेतकऱ्यावर पडतो. त्याचे नुकसान खरे असूनही त्याला बंदूक उचलता येत नाही.

हाच काळवीट 1932 मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर नेण्यात आला. आज तिथल्या खासगी कुरणांवर तो मोठ्या संख्येने आहे. बाहेरून आणलेला असल्यामुळे त्याला शिकारीचा ठरावीक हंगाम नाही, आणि कुरणाचा मालक नगामागे पैसे घेऊन शिकार करू देतो. कर्जतच्या शेतकऱ्याला पीक खाताना जो मारता येत नाही, तो कर्जतहून गेलेल्या प्रवाशाला टेक्सासात मारता येतो. प्राणी एकच, त्याची वेदना एकच. बदलला तो फक्त कायदा. धर्माचे मोजमाप देशागणिक बदलत नसेल, तर तिथला परवाना इथल्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

परदेशी शिकारीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. न्यूझीलंडमध्ये वटवाघळांखेरीज जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी नाही. तिथे हरणे 19 व्या शतकात वसाहतवाल्यांनी शिकारीसाठीच आणून सोडली. खाणारा शत्रू नसल्याने ती वाढली, रानाचा ऱ्हास होऊ लागला आणि 1930 च्या दशकात सरकारला पगारी शिकारी नेमावे लागले. स्कॉटलंडमध्ये लांडगा नामशेष झाल्यापासून तांबड्या हरणांची संख्या माणसालाच आवरावी लागते. अशा ठिकाणी वध टाळणे म्हणजे उपासमारीला आणि वनस्पतींच्या नाशाला वाट देणे. हे काम विरोधी हिंसेच्या जवळ जाते, आणि मारलेले जनावर खाल्ले जात असेल तर अगस्तींच्या अटींशीही त्याचे काही नाते जुळते. पण मग ते कर्तव्य ठरते, आणि कर्तव्याचा निकष धर्मव्याधाने घालून दिलेला आहे. नेमून दिलेली म्हातारी किंवा आजारी मादी टिपण्यास जो शिकारी राजी आहे, त्याला हा आधार घेता येतो. सर्वांत मोठ्या शिंगांचा नर हेरणाऱ्याला तो घेता येत नाही.

दोघांचा वाटा

पती-पत्नी मिळून शिकारीला जातात तेव्हा दोष कोणाचा, यावरही परंपरेचे उत्तर आहे. मनुस्मृतीने प्राणिवधात आठ जण घातकी मानले. अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. या यादीत सफर आखून देणारा, पैसे भरणारा आणि नुसता सोबत राहून रुकार देणाराही बसतो. सुवर्णमृगाची कथा हेच सांगते; बाण रामाचा होता, इच्छा सीतेची होती, परिणाम दोघांनी भोगला.

महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाणारी वाल्या कोळ्याची कथा याला दुसरी बाजू देते. त्याच्या कमाईवर जगणारी बायको त्याच्या पापात वाटा घ्यायला नकार देते. दोन्ही कथा एकत्र वाचल्या तर नियम असा निघतो की इच्छेत जो सहभागी तो दोषातही सहभागी. मात्र एकाचा दोष दुसऱ्याच्या सोबतीने कमी होत नाही. संसारातील एकमत पुण्याला बळ देते, हिंसेला पावित्र्य देत नाही.

सारांश, भारतीय धर्मपरंपरेने शिकारीबद्दल एकच सरसकट आज्ञा दिलेली नाही. तिने भूक, राखण, उपजीविका आणि छंद यांत भेद केला. पहिल्या तिन्हींना कमी-अधिक सवलत दिली. छंदाला व्यसन म्हटले. संख्या आवरण्यासाठी आवश्यक असलेला, मांस वाया न घालवणारा आणि भिंतीवर शिंगे न मिरवणारा वध या परंपरेत सहन करण्याजोगा ठरू शकतो. केवळ हौस म्हणून आखलेली शिकार, ती कितीही कायदेशीर असो आणि कितीही दूरच्या देशात होवो, या परंपरेला समर्थनीय वाटत नाही.