ओट्याखालची काळी माती

आजचे वाचन: लूक ६:४६–४९

दोन घर बांधणाऱ्यांचा दृष्टान्त मत्तयात आहे तसा लूकमध्येही आहे. मत्तयात एकाने खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. म्हणजे फरक जागेचा. लूकमध्ये वाळू नाहीच. तिथे एक जण खडक लागेपर्यंत खोल खणतो आणि दुसरा पाया न घालता तसाच जमिनीवर बांधतो. जागा कदाचित शेजारशेजारचीच असेल, वेगळे आहेत ते खणण्याचे कष्ट. मला लूकचा दृष्टान्त आपल्या वऱ्हाडाच्या अधिक जवळचा वाटतो. वाळूवर घर बांधायला आपल्याकडे कोण जाते? आपल्याकडे आहे ती काळी माती.

सध्या आमच्याकडे याच मातीवरून बोलणे चालू आहे. दर्यापूरला मावशीच्या परसात लाकडी ओटा करायचा आहे. मावशी ८१ वर्षांची, खुब्याचे ऑपरेशन झालेले, वॉकर धरून चालते. पायरी न उतरता दारातून थेट निंबाच्या सावलीत जाऊन बसता यावे, एवढीच तिची इच्छा. सागवान परतवाड्याहून आणायचे, यावर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो खाली काय घालायचे यावर. मावसभाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "लाकडाचं वजन ते किती! दोन-दोन फूट खड्डे घ्या, काँक्रीट भरा, झालं. जमिनीखालचं कोण पाहते?"

मिस्त्रीने मान हलवली. "भाऊ, हे वावराची माती हाये. हिले कापूस पायजे, घर नाई पायजे."

त्याचे म्हणणे खरे आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी आत ओढून घेते आणि पावसाळ्यात फुगते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दृष्टान्तात परीक्षा एकदाच येते, पुराची. आपल्याकडे कोरडही परीक्षा घेते. आणि मावसभाऊ जे म्हणतो त्याच्या बरोबर उलटे इथे घडते: जड घर मातीला थोडेतरी दाबून धरते, हलका ओटा ती सहज उचलते. तोही सारखा नाही. मोरीचे पाणी मुरते तो कोपरा वर येतो, निंब पाणी ओढतो तो खाली बसतो. दोन फुटांचे काँक्रीट नेमके या हलत्या थरातच अडकते. मातीबरोबर वर जाते, मातीबरोबर खाली येते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. गावाची बसायची जागा ती 'पांढरी' आणि पिकाची जमीन ती 'काळी', असे दोन शब्दच त्यांनी करून ठेवले. जी माती पोसते, तीच माती पेलेल असे नाही. (आता प्लॉट पडतात ते काळीतच, पण तो विषय वेगळा.)

पण मग लूकचे काय करायचे? खडक लागेपर्यंत खणा म्हटले तर पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात खडक काही ठिकाणी शेकडो फूट खाली आहे. एका ओट्यासाठी तिथवर कोण जाणार? रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात अशाच मातीसाठी एक पद्धत बसवली. गिरमिटाने अरुंद भोक पाडायचे, साधारण साडेतीन मीटर खोल, आणि तळाशी ते कांद्यासारखे फुगवायचे, दांड्याच्या अडीच पट रुंद. मग सळई आणि काँक्रीट. हा खांब खडकाला टेकत नाही. ऋतूंप्रमाणे माती हलते त्या थराच्या खाली जाऊन तो धरून बसतो. वरच्या तुळईखाली काही बोटे मोकळी ठेवायची, म्हणजे फुगलेली माती तिला ढकलत नाही. खडक मिळाला नाही म्हणून खणणे सोडायचे नसते, हे मला या खांबात दिसले.

दुसरा मार्गही प्रामाणिक आहे. वरची काळी माती काढून मुरूम दाबून भरायचा, त्यावर ठोकळे, ठोकळ्यांवर ओटा मोकळा ठेवायचा. तो हलणार हे मान्य करायचे आणि वर्षातून दोनदा लेव्हल पाहून पाचर मारायची. स्वस्त पडते. पण दरवर्षी येणार कोण? मावसभाऊ पुण्यात, मी अमरावतीत. "आम्ही येऊ ना" असे आम्ही दोघेही लगेच म्हणालो, आणि मला आजच्या वाचनाचे पहिलेच वचन आठवले: प्रभू, प्रभू म्हणणारे आणि सांगितलेले न करणारे.

मावसभावाची बाजूही पोकळ नाही. याच लूकच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे सांगितले आहे, आणि मिस्त्रीच्या अंदाजाने खांबांचा खर्च लाकडाच्या बरोबरीने जातो. तेवढ्यात मावशीला काही महिने मदतनीस बाई ठेवता येईल. मी यावर दोन दिवस विचार केला. पण तो हिशेब काम पुरे होईल का हे पाहण्यासाठी आहे. न दिसणारा भाग कापून दिसणारा सजवण्यासाठी नाही. शिवाय हा दृष्टान्त आपण नेहमी 'माझे घर पडू नये' म्हणून वाचतो. इथे ओट्याचे पैसे आमचे आणि पाय मावशीचे. फळी दाराच्या उंबऱ्यापासून अर्धा इंच वर आली तर आमचे सागवान काही बिघडणार नाही. वॉकर मात्र अडकेल. जमिनीखालचे कोण पाहते, याचे उत्तर मग 'कोणी नाही' एवढ्यावर थांबत नाही.

मावसभावाला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरं, अर्धे पैसे मी पाठवतो." त्याला पूर्ण पटले की नाही, मला माहीत नाही.

मृगाच्या आधी, माती कोरडी असेतो खांब व्हायला हवेत. सोमवारी गिरमिट येईल. सहा खांबांच्या जागा चुन्याने आखून झाल्यावर मावशीने एकच विचारले, "निंबाची मुळी तर नाई ना तुटणार?" मिस्त्रीने दोन खुणा पायाने पुसल्या आणि हातभर अलीकडे घेतल्या.

उद्याचे वाचन: लूक ७:१–१०