मोर्चाला एन. डी., मताला दुसरा

प्रा. एन. डी. पाटील यांच्या कारकिर्दीचा हिशोब मांडायला बसले, तर पदांची बाजू चटकन उरकते. अठरा वर्षे विधान परिषद, 1985 ते 1990 कोल्हापूरची आमदारकी आणि त्याआधी 1978 साली शरद पवारांच्या पुलोद सरकारात सहकारमंत्रिपद. ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाले आणि मंत्रिपदही संपले. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, सरचिटणीसपद मात्र वर्षानुवर्षे सांभाळले. पश्चिम महाराष्ट्रात सहकार खाते हातात येणे म्हणजे काय, हे ऊस पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इथे पुढारी म्हटला की त्याच्या नावापाठोपाठ कारखाना, दूध संघ, बँक आणि एखादे अभियांत्रिकी कॉलेज येतेच. एन. डी. सरांच्या नावामागे तसले काही लागले नाही. रयत शिक्षण संस्थेचे ते चेअरमन होते, पण ती संस्था कर्मवीरांची, म्हणजे सगळ्यांची.

वाळवा तालुक्यातल्या ढवळीचा हा मुलगा 1948 साली शेकापमध्ये आला. पक्षाची स्थापना नुकतीच झाली होती आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेली दांडगी माणसे तिथे होती. पुढे एकेक जण परतीच्या वाटेला लागला. केशवराव जेधे परत गेले, यशवंतराव मोहिते गेले. सर राहिले ते 2022 च्या जानेवारीत कोल्हापुरात डोळे मिटेपर्यंत. दरम्यान मेहुणा, म्हणजे शरद पवार, राज्याचा मुख्यमंत्री झाला, देशाचा संरक्षणमंत्री झाला. घरचीच वाट मोकळी असताना हे गृहस्थ एन्रॉनविरुद्ध उभे राहिले, मग रायगडच्या सेझविरुद्ध.

पवारांच्या घराला हे नवे नव्हते म्हणा. 1960 च्या बारामती पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेकापचे उमेदवार होते आणि धाकटे शरदराव काँग्रेसच्या प्रचारात फिरत होते. तरी घर मोडले नाही. आज एका घरात दोन पक्ष दिसले की आपण आधी विचारतो, वाटणी कशी ठरली?

एवढ्यावरून सरांची आरती करावी, असे मला वाटत नाही. शेकाप त्यांच्या डोळ्यांदेखत आटत गेला, दोन-तीन जिल्ह्यांपुरता उरला. नवी पोरे आली नाहीत, जी आली ती टिकली नाहीत. पक्षाचा नेता म्हणून याचा जाब त्यांनाही द्यावाच लागेल. निष्ठा ठेवली म्हणजे संघटना आपोआप वाढते असे नाही.

तरीही त्यांचे आयुष्य एका सबबीचा निकाल लावते. पक्ष बदलणारा प्रत्येक आमदार छातीवर हात ठेवून सांगतो, ‘मतदारसंघाच्या विकासासाठी जावं लागलं, सत्तेशिवाय कामं होत नाहीत.’ आता कोल्हापूरचा टोल आठवा. शहरातल्या रस्त्यांच्या 220 कोटींच्या प्रकल्पासाठी तीस वर्षे टोल द्यायचा, असे ठरून बसले होते. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी; कुठूनही गावात शिरा, नाका आडवा. या लढ्याच्या पुढे ऐंशी ओलांडलेले एन. डी. सर आणि त्यांच्या जोडीला गोविंद पानसरे. एकाकडेही सत्ता नव्हती, आमदारकीही नव्हती. मोर्चे निघाले, धरणी झाली. जानेवारी 2014 मध्ये लोकांचा संयम सुटला आणि नाके पेटले. ते पेटायला नको होते, पण ती वेळ आणणाऱ्यांनी किती महिने झोपेचे सोंग घेतले होते, हेही विसरू नये. 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाला. पानसरेंना ते पाहता आले नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

रायगडच्या पेण भागातही तेच. सप्टेंबर 2008 मध्ये 22 गावांत सेझवर जनमत घ्यावे लागले आणि शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार नोंदवला. तो सेझ उभा राहिला नाही. सत्तेशिवाय कामे होत नाहीत म्हणतात, मग ही कामे कोणत्या खात्यात धरायची?

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती पुढाऱ्यांची नाही. टोलच्या मोर्चात अख्खे कोल्हापूर या माणसामागे चालले. मतपेटीतून मात्र याच शहराने त्यांना विधानसभेत एकदाच पाठवले. कट्ट्यावर बसा, उत्तर ऐकायला मिळते: ‘सर म्हंजे लाख मोलाचा माणूस. पण आमचं काम कोण करणार?’ ‘आमचं काम’ म्हणजे पोराची नोकरी, मास्तरची बदली, पोलीस ठाण्यात एक फोन, तालमीला देणगी. टोल हे सगळ्या गावाचे काम. त्याला सर चालतात. बदलीला मात्र ‘आपला’ माणूस लागतो, आणि तो सत्तेत असावा लागतो. म्हणजे त्याला पक्ष बदलायला आपणच लावतो आणि बदलला की कट्ट्यावर बसून ‘गद्दार’ म्हणायलाही आपणच मोकळे.

सर गेले आणि पाचच महिन्यांनी महाराष्ट्राचे आमदार बंड करून गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसले. कोल्हापूर जिल्ह्यातलेही होते. तिथली झाडी आणि डोंगार फोनवरून राज्यभर ऐकवणारे आमदार सांगोल्याचे. सरांच्याच पक्षाच्या गणपतराव देशमुखांनी जिथून अकरा वेळा विधानसभा गाठली, तो हा मतदारसंघ. त्या फोनवर आपण गाणी केली, रील केली, पोट धरून हसलो. पुढच्या निवडणुकीत सांगोल्याने त्या आमदारांना पाडले आणि गणपतरावांच्या नातवाला निवडून दिले. कोल्हापूर जिल्ह्यातले गुवाहाटीकर मात्र पुन्हा आमदार झाले, त्यांतले एक तर मंत्रीही.

दारात उमेदवार आला की निधीचा आकडा विचारा, जरूर विचारा. त्याच बैठकीत एवढेही विचारा, की सत्तेतल्या स्वतःच्या माणसाविरुद्ध तुम्ही आजवर कोणत्या प्रश्नावर उभे राहिलात? नीट उत्तर देणारा एखादा सापडलाच, तर त्याला नुसते मोर्चाला बोलावू नका.