चार बोटं पाणी

दिवाळी सरली की आमच्या सानगडीकडे मंडयांचा हंगाम लागतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. रात्रभर दंडार नाहीतर नाटक, आणि बाहेरगावी पांगलेली माणसं तेवढ्या चार दिवसांपुरती परत. आम्ही चौघं शाळूसोबतीही तसेच जमलो होतो. नाटकाच्या जागरणानं डोळे चुरचुरत होते आणि पुढचा अख्खा दिवस रिकामा होता. तेव्हा ज्याची लेक बर्मिंगहॅमला असते तो म्हणाला, "चला गा, डोंग्यात बसू."

हे खूळ तिकडूनच आलेलं. गेल्या उन्हाळ्यात लेक-जावयानं त्याला तिथल्या कालव्यातून दिवसभर बोटीनं फिरवलं होतं. तेव्हापासून त्याला दुसरा विषय नाही. बोट साठ-सत्तर फूट लांब, पण रुंदीला सातच फूट, म्हणजे आमच्या घरातल्या ओसरीएवढीसुद्धा नाही. आत स्वयंपाकघर, पलंग, शेगडी. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठानं कुत्रं फिरवणारी म्हातारी मागून येते, पुढे निघून जाते, आणि जाता जाता हात हलवते.

गावापासून थोड्या अंतरावर एक तलाव आहे. मालगुजारी गेली तेव्हापासून असे तलाव कागदोपत्री 'माजी मालगुजारी', आणि बोलण्यात नुसते 'मामा'. त्या मामाच्या पाळीवर आमचा ढिवर वाट बघत होता. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. नंतर शाळा सुटली ती सुटली. त्यानं दोन डोंगे शेजारी लावून वरून आडवे बांबू बांधले होते. एकट्या डोंग्यात चार म्हातारे बसवायची त्याची हिंमत नव्हती, आणि ते बरोबरच होतं. आम्ही बसलो तसा डोंग्याचा काठ पाण्याजवळ आला. त्यानं बाहेरून हाताची बोटं लावून मोजलं.

"गुर्जी, गुडघे मिटून बसा. हालू नोका. चार बोटं हाये."

चाळीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो, हाताची घडी, तोंडावर बोट. मुकाट्यानं मिटून बसलो.

त्यानं बांबू टेकवला आणि पाळ मागे सरायला लागली. पहिली पाच-दहा मिनिटं काय करायचं तेच कळेना. एकानं मोबाईल काढला आणि पाण्यात पडेल म्हणून परत ठेवला. एकानं लाखोळीच्या वड्यांचा डबा उघडला. बर्मिंगहॅमवाला मात्र रंगात आला होता. तिकडे चढ-उतार आला की बोट एका हौदात घालतात, मागचं दार लावतात, वरच्या दाराची झडप उघडून पाणी सोडतात. पाणी चढतं तशी बोट चढते, मग पुढचं दार उघडून वरच्या कालव्यात. पंप नाही, इंजिन नाही, दारं माणसंच ढकलतात. त्यानं स्वतः पाठ लावून ढकललेलं. हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं की आमच्यातला धानवाला शेतकरी न राहवून म्हणाला, "म्हणजे आपलं तुडूमच की. तू तुडुमाला कधी हात लावला होता का?"

लावला नव्हता. तुडूम म्हणजे तलावातून पाटाला पाणी सोडायची जागा. त्याची भोकं लाकडाच्या खुंटानं बुजवलेली असतात. पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक मोकळं करायचं. बुडी मारून खुंट काढताना भोकाच्या तोंडाशी हात ओढला गेला की काय होतं ते त्या शेतकऱ्याला माहीत. त्याच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. तिकडे झडप उघडून बोट वर चढवतात, इकडे भोक उघडून बांध्या भिजवतात. पाणी एकच गोष्ट जाणतं, खाली जाणं. पुढचा जुगाड माणसाचा.

आम्ही सगळे पाण्याच्याच जिल्ह्यातले. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते आम्ही पोरांकडून घोकूनही घेतलं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी तलाव बांधले, उतार नुसत्या नजरेनं ओळखून. नवेगावबांध त्यांचाच. तिथल्या पाण्यानं मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याचा लेखक केला. पण आम्हा गावकऱ्यांना पाणी म्हणजे पाटाची पाळी. कुणाच्या बांधीत आधी गेलं, कुणी रात्री फोडलं, कुणाचं टोकाशी पोहोचलंच नाही. पाण्यावरून भावाभावांत अबोला धरलेली घरं मला माहीत आहेत. पाण्यावर नुसतं बसायला म्हणून मात्र उभ्या जन्मात कोणी गेलं नाही. मीही नाही. पासष्टी उलटून गेल्यावर आज पहिल्यांदा.

मध्ये शिंगाड्याचा वेल पसरला होता. ढिवरानं बांबू आडवा धरला आणि वाकून एक वेल उलटा केला. वरून नुसती तिकोनी पानं, खाली हिरवे शिंगाडे लोंबकळत. त्यानं एकाचे दोन्ही काटे नखानं मोडले, साल सोलली आणि पांढरा दाणा माझ्या तळहातावर ठेवला. गार, पाणचट गोड, दाताखाली कच्च्या नारळासारखा. त्याचं नख पार काळं होतं. हंगामभर असंच असतं म्हणाला. मग आम्हाला तसंच वेलीत ठेवून त्यानं जाळं बघितलं, दोन मरळ काढून टोपलीत टाकले, जाळ्याची एक गाठ दातानं ओढली. त्याला आमची अडचण नव्हती, आमच्यासाठी थांबणंही नव्हतं. तो कामावरच होता. वाटेत चार नग जास्त चढले होते, एवढंच.

तिकडच्या कालव्यांचंही मूळ हेच. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरनं 1761 मध्ये कालवा काढला तो खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला. बोट घोडा ओढायचा, काठाच्या पायवाटेनं. पुढे आगगाडी आली, मग ट्रक आले आणि कालवे ओस पडायला लागले. एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनियर 1939 मध्ये 'क्रेसी' नावाच्या बोटीवर बायकोसह राहायला गेला, आणि त्यानं लिहिलेल्या पुस्तकामुळे लोकांना कालव्यांची पुन्हा आठवण झाली. आज तिथं हौशी लोक फिरतात. मी हे सांगितलं तसा बर्मिंगहॅमवाला जरा हिरमुसला. "म्हणजे मी कोळशाच्या जागी बसून आलो?" आम्ही हसलो, डोंगा हलला, ढिवरानं नुसतं बघितलं. परत गप्प.

आपल्याकडेही इंग्रजांना बोटींची स्वप्नं पडली होती. वऱ्हाडचा, नागपूरचा कापूस गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत न्यायचा घाट घातला होता. खडकाळ पात्रात कामंही सुरू झाली. रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली आणि 1871 मध्ये ती योजना गुंडाळली. खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटननं बांधलेल्या बंधाऱ्याच्या कालव्यांतून मात्र नावा चालत राहिल्या. आमच्या या मामाच्या सांडव्यावरून पडलेलं पाणी चुलबंदीनं जावो की गाढवीनं, शेवटी वैनगंगेत जातं, तिथून प्राणहितेत, गोदावरीत. म्हणजे आमचं पाणी त्या नावांखालून जाऊन आलेलं. आम्ही मात्र सानगडी-साकोली, साकोली-सानगडी.

ऊन डोक्यावर आलं तसं बोलणं आपोआप आटलं. वडे संपले होते. पलीकडे भारी धान उभं होतं, हलक्याची कापणी झालेली. बांबू पाण्यात शिरायचा तेव्हा बारीक आवाज यायचा, आणि निघताना थेंब पडायचे तेवढे ऐकू यायचे. शेतकरी मित्राला बसल्या बसल्या डुलकी लागली. चाळीस वर्षांत मी त्याला दिवसा झोपलेला बघितला नव्हता. मला एकदा वाटलं, ढिवराला जरा लवकर चालव म्हणावं, दुपारी कुणी भेटायला येणार होतं. तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "काहून घाई करता जी, पानी का पराते?" बहुधा मी मनगट बघितलेलं त्यानं पाहिलं असावं.

पाळीला लागलो तेव्हा दुपार कलली होती. पाय बधिर झालेले, एकमेकांना धरून उतरलो. पैसे द्यायला खिशात हात घातला तर तो म्हणाला, "राहू द्या गुर्जी, शिंगाड्याचे द्या." आणि शिंगाड्याचे मोजून घेतले. मग आडवे बांबू सोडले, एक डोंगा पाळीला बांधला आणि दुसऱ्यात उडी टाकली. डोंगा चांगला हातभर वर आलेला. दोनच रेट्यांत तो शिंगाड्याच्या वेलीपलीकडे गेला.

आम्ही चपला शोधत होतो.