ताप आला तर फोन करा

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. टेक्लिस्टामॅबसारखी नवी औषधं आपल्याच टी-पेशींना त्याच्याशी भिडवतात. पण चेतवलेली प्रतिकारशक्ती कधी कधी अंगावर उलटते: ताप येतो, रक्तदाब घसरतो, श्वास अपुरा पडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६५ पैकी ७२ टक्के रुग्णांना हा त्रास झाला, बहुतेकांना सौम्य. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि त्या काळात रुग्णाला दवाखान्यात ठेवतात.

आता काही ठिकाणी आधीच टोसिलिझुमॅब देऊन रुग्णाला घरी जाऊ देतात. त्याने धोका घटतो, संपत नाही. म्हणून अटी असतात: सोबत माणूस हवा, थर्मामीटर हवं, रुग्णालय जवळ हवं. ताप आला तर फोन करा.

समजा, रुग्ण भामरागडचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल बुडाला की गावाचा संपर्क तुटतो. जिल्ह्यात मलेरिया आहे. ताप औषधाचा, जंतुसंसर्गाचा की डासाचा, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. मेंदूवर परिणाम होतोय का हे पाहायला रुग्णाकडून एक वाक्य लिहून घेतात. माडिया बोलणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीने काय लिहायचं?

डॉक्टर म्हणतील, लांबच्या रुग्णाला सोडायचं नाही. वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. तरी खुपतं. नियम आजारासाठी केलेला, निवड मात्र पत्त्यावरून होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री सर्व्हर पडला की अलर्ट येतो, पण लॅपटॉप उघडणारा कुणी नसेल तर तो अलर्ट नुसता आवाज. मदत यायला जितका उशीर, तितकं आधी टाळणं मोलाचं. म्हणजे प्रतिबंधाची सर्वांत जास्त गरज दूरच्याला, आणि त्यातून मिळणारी घरी जायची मुभा जवळच्याला!

मग सगळ्यांनाच सोडावं? नाही. समानतेपायी कुणाचा जीव धोक्यात घालणं हा न्याय नव्हे. पण घर सुरक्षित कशाने होतं, हे गडचिरोलीनेच दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. त्या बाळाचा ताप आणि श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. १९९९च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधानुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

मायलोमाला हे जसंच्या तसं लागू होत नाही; प्रकृती ढासळली तर आयसीयूच लागतो. म्हणून डोस वाढवण्याचे सुरुवातीचे दिवस रुग्णालयाजवळ राहायची सोय हवी, आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरीही उपचाराच्या खर्चात धरायला हवी. पुढे गावात, काय पाहायचं ते शिकलेली आशाताई हवी. आणि आजीला लिहायला न लावता माडियातून काय विचारायचं, तो प्रश्न आजच तयार करायला हवा. त्याला औषधाइतका खर्च येत नाही.