परमुलखातले बिऱ्हाड आणि संबंधत्यागाचा प्रश्न

मराठवाड्यातल्या जळकोटचा परिसर 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि पुढे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने हैदराबादेत भाड्याची खोली शोधणे म्हणजे येथील माणसाला आपल्याच राजधानीत जाणे होते. भाषावार प्रांतरचनेनंतर तेच शहर परप्रांत ठरले, तरी बिऱ्हाडासाठी पसंती बहुधा काचीगुडा, सुलतानबाजार अशा मराठी वस्तीलाच राहिली. या साहजिक निवडीला महानुभाव पंथाचा आचारधर्म थेट छेद देतो. ‘सूत्रपाठ’ या वचनसंग्रहात पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींनी स्वदेश आणि स्वग्राम यांचा संबंध, आणि विशेषेकरून आप्तांचा, सोडावयास सांगितले आहे, कारण ‘संबंध’ म्हणजे साधकाला पूर्वीच्या ओळखीत जखडणारे ममत्व. मात्र त्याच ग्रंथात कानड व तेलंग, म्हणजे कन्नड व तेलुगू भाषकांच्या, देशी जाऊ नये असाही दंडक आहे, आणि त्यामागे तेथील हालअपेष्टांचे नव्हे, तर विषयांच्या सुकाळाचे व साधूला मिळणाऱ्या मानाचे भय आहे. हे नियम भिक्षेवर जगणाऱ्या संन्याशासाठी आहेत, अनामत रक्कम भरणाऱ्या गृहस्थासाठी नव्हेत, हे खरे. तथापि जागेची पारख सोयीवरून न करता ती जागा चित्ताला कोणते वळण लावील यावरून करावी, हा त्यांमागचा विचार गृहस्थालाही लागू पडतो, आणि त्या कसोटीवर शेजार आपल्या भाषेचा असणे हा निर्विवाद गुण उरत नाही.